ठेव कोणाची?

संस्कृत शिकवणाऱ्या माणसाला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. या भाषेचा आज उपयोग काय, हा पहिला. आणि या विषयात गुण किती पडतात, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देता देता माझी निम्मी नोकरी सरली. दुसऱ्याचे उत्तर मुलांना आधीच ठाऊक असते. म्हणून तर आमचे वर्ग भरतात. शंभरपैकी शंभर मिळवणारी मुले या विषयात आता नवलाची राहिलेली नाहीत. याबद्दल माझी तक्रार नव्हती. प्रसादासाठी देवळात गेलेल्यालाही देव दिसतोच, अशी मी आपली समजूत घालून घेतली होती. एका मुलीने ती मोडली.

पाठ्यपुस्तकात असो वा नसो, वरच्या वर्गाला मी शाकुंतलाचा चौथा अंक सांगतोच. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून कण्व हा मराठी घरातलाच एक वडीलधारा होऊन बसला आहे. लेक सासरी निघाली आहे, तिने वाढवलेले हरिणाचे पाडस मागून वस्त्र ओढते आहे, आणि तो विरक्त ऋषी मनाशी म्हणतो आहे, की माझी ही गत, तर संसारी बापांचे काय होत असेल! इथे दरवर्षी माझा आवाज थोडा बसतो. मुलांनाही ते ठाऊक झाले आहे. अंकाच्या शेवटी कण्व म्हणतो, की कन्या हे परक्याचेच धन. तिला पतीकडे धाडून, एखाद्याची ठेव परत केल्यासारखे माझे मन निश्चिंत झाले.

त्या दिवशी एवढे सांगून मी पुस्तक मिटत होतो, तोच मागच्या बाकावरून एक हात वर झाला. एरवी बोलायला कचरणारी मुलगी.

“सर, शकुंतला कण्वांना रानात सापडली होती ना? आई टाकून गेली आणि पाखरांनी राखली, म्हणून तिचं नाव शकुंतला?”

“बरोबर.”

“मग ठेव ठेवली कोणी?”

वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण मला उत्तर येत नव्हते. मी म्हणालो, “अगं, ती उपमा आहे. उपमेचा असा कीस काढायचा नसतो. आणि उत्तरपत्रिकेत असलं काही लिहू नकोस, हातचे गुण जातील.” ती खाली बसली. घंटा झाली.

रात्री मला गार्गी आठवली. बृहदारण्यकातली जनकाची सभा. हे कशात ओवले आहे, आणि ते कशात, असे गार्गी एकामागून एक विचारत जाते, तेव्हा याज्ञवल्क्य तिला बजावतो की आता पुरे, याच्यापुढे विचारशील तर तुझे मस्तक गळून पडेल. ती गप्प होते. मीही तेच बोललो होतो. मस्तकाच्या जागी गुण घातले, एवढाच फरक. याज्ञवल्क्याला निदान ब्रह्माची मर्यादा राखायची होती. मी राखली ती निकालाची.

तुम्ही म्हणाल, यात एवढे काय बिघडले? मुलीचे हितच पाहिले ना? खरा पेच तोच आहे. शिक्षकाने विद्यार्थ्याचे हित पाहावे यात वाद नाही; पण आज मिळणारे दोन गुण आणि जन्मभर पुरणारी विचारण्याची सवय यांत तिचे हित कशात, हे मी तिला न विचारताच ठरवून टाकले होते. कोणी म्हणेल, जुन्या कवीला आजच्या मापाने मोजू नये. मान्य. पण तिने आजचे माप लावलेच नव्हते. नाटकातल्याच कथेने नाटकातली उपमा तपासली होती. वाचणे म्हणतात ते हेच.

आणि ज्या विद्येच्या आदरापोटी मी तिला गप्प केले, ती विद्या तरी प्रश्नाला कधी भ्यालेली आहे? पाणिनीसारख्याच्या सूत्रांवर कात्यायनाने वार्तिके लिहिली, ती काय सांगितले, काय राहून गेले आणि काय चुकले हे पाहण्यासाठी. पतंजलीचे महाभाष्य तर शंका आणि समाधान यांवरच उभे आहे. शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्षाला बोलू देतात, मग आपले म्हणणे मांडतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले. पोथीशेजारी पोथी ठेवून पंडितांनी श्लोकाश्लोकाला विचारले, बाबा रे, तू मूळचा की मागून आलेला? त्याच महाभारताच्या आदिपर्वात शकुंतलेची जुनी कथा आहे. तिच्यात ना अंगठी, ना दुर्वासाचा शाप. मुलाला घेऊन ती भर सभेत उभी राहते आणि राजाला सत्य म्हणजे काय ते सुनावते. ठेव अशी बोलत नसते.

आणखी एक गोष्ट मनातून जाईना. डॉ. आंबेडकरांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे ते स्वतःच्या बळावर संस्कृत शिकले आणि त्या ग्रंथांना त्यांनी प्रश्न विचारले. त्या वेळच्या शिक्षकांनी दार लावून घेतले होते. मी दार उघडतो, सगळ्यांची मुले आत घेतो, आणि आत आल्यावर तोंड बंद ठेवायला सांगतो. फरक आहे, पण मला वाटत होता तेवढा मोठा नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्या गेल्या म्हणालो, “कालच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. प्रश्न मात्र बरोबर होता.” मग आदिपर्वातली शकुंतला सांगितली. तास अगदी रंगला. तो संपल्यावर ती मुलगी वही घेऊन टेबलापाशी आली. मला आनंद झाला.

“सर,” ती म्हणाली, “हे परीक्षेला आहे का?”

हा प्रश्न तिला मीच शिकवला होता. “नाही,” मी म्हणालो. तिने मान डोलावली आणि वही मिटली.

गार्गी त्याच सभेत पुन्हा उठली होती. धनुष्याला दोन बाण लावून योद्धा उभा राहावा तसे दोन प्रश्न घेऊन, आणि या वेळी याज्ञवल्क्याला उत्तर द्यावे लागले. माझी मुलगी पुन्हा उठेल की नाही, कोण जाणे. पण ठेव म्हणायचीच तर मुलांच्या मनातले हे प्रश्न म्हणावेत. ते आपल्या हवाली झालेले असतात, आपले नसतात. या सुट्टीत फराळाच्या ताटावर तुमच्या घरातले एखादे पोर भलतेच काही विचारील. उत्तर येत नसेल तर तसे सांगा. गप्प बस म्हणणे सोपे असते. ते परत घेणे किती कठीण, हे मी अजून शिकतोच आहे.