परतीची पहिली गाडी चुकवा

जून-जुलै आला की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी सल्ल्यांचं पेव फुटतं. मेसचं जेवण, खोलीतला जोडीदार, महिन्याच्या पैशांचा हिशेब, घरची आठवण. सल्ले चांगलेच असतात. पण ते बॅग भरून गाव सोडणाऱ्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातल्या असंख्य मुलामुलींच्या वाट्याला हे गाव सोडणं येतच नाही. सकाळी डबा घेऊन निघायचं, जयसिंगपूर, कुरुंदवाड, सांगली, मिरज, इचलकरंजी नाहीतर कोल्हापूरचं कॉलेज गाठायचं आणि शेवटचा तास संपला की पळत स्टँडवर यायचं. याला आपल्याकडे ‘अप-डाऊन’ म्हणतात. या मुलांना कॉलेजशी जुळवून घेताना त्रास झाल्याचं कुणाला दिसत नाही, कारण जुळवून घ्यावं लागेल इतका वेळ ती तिथे थांबतच नाहीत. पहिल्या वर्षाची खरी अडचण मला इथे दिसते. तिच्यावरचा पहिला उपाय साधा आहे : परतीची पहिली गाडी चुकवायची आणि तास-दीड तास कॉलेजात थांबायचं.

एवढ्याने काय होणार, असं कुणीही विचारेल. शाळेत मूल दोन दिवस गेलं नाही तर गुरुजी घरी निरोप धाडत. वही अपुरी असली तर बाईंच्या लक्षात येई. बारावीपर्यंत क्लासवाल्यांचा फोन पालकांना जातो. कॉलेजात हे एकदम थांबतं. तुम्ही आलात की नाही, समजलं की नाही, अर्ज भरला की राहिला, हे कुणी विचारत नाही. मुलांना ते स्वातंत्र्य वाटतं आणि पहिले काही आठवडे मजेत जातात. पहिल्या सत्राचा निकाल लागला, दोन विषयांत केटी बसली, की मग कळतं की विचारायचं काम आता आपल्याकडे आलं होतं.

आणि विचारण्यासारखं आता पूर्वीपेक्षा जास्त आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम बदलला. मेजर, मायनर, कौशल्याचे विषय, श्रेयांक, अंतर्गत गुण अशी सगळी नवी मांडणी आली. प्रवेशाच्या गर्दीत मुलं मायनर विषय निवडतात तो पुढच्या मुलाच्या अर्जाकडे बघून. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज करायचा, त्याला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला हवा, बँक खातं आधारला जोडलेलं हवं, आणि मुदत संपायच्या आत हे सगळं व्हायला हवं. ऑफिसच्या खिडकीवर जावं तर आतून उत्तर येतं, ‘नोटीस वाचली नाही का?’ नोटीस बोर्डावर असते. बोर्डासमोर उभं राहायला गाडीच्या घाईत वेळ नसतो. अप-डाऊन करणाऱ्या मुलाचं नुकसान बहुतेक वेळा असं होतं, बुद्धी कमी पडल्यामुळे क्वचितच.

शिकायचं तर वर्गाबाहेरचा वेळ आणि सोबतही लागते. ज्या मातीत आपण राहतो तिथे ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी कळली होती. कोल्हापुरात राजाराम कॉलेज होतं, शिक्षक होते. तरी खेड्यातली बहुजनांची मुलं तिथवर पोचत नव्हती आणि पोचली तरी टिकत नव्हती. कोल्हापूर संस्थानच्या शाहू महाराजांनी नुसती फी माफ करून हात झटकले नाहीत. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. बोर्डिंगने डोक्यावर छप्पर दिलं, हे तर खरंच. त्याहून मोठं काम असं की खेड्यातून आलेल्या मुलाला रात्री अडलेलं गणित विचारायला कुणीतरी मिळालं. वरच्या वर्गातला मुलगा मिळाला, वर्तमानपत्र मिळालं, वादविवाद मिळाला. शिक्षणाचा निम्मा भाग वर्गाबाहेर होतो हे महाराजांनी ओळखलं होतं. ज्या जयसिंगपुरात आज तालुक्यातली पोरं कॉलेजसाठी उतरतात ते गावही त्यांनीच, जन्मदात्या वडिलांच्या नावाने वसवलेलं.

या बोर्डिंगांना एक मर्यादा होती : बहुतेक जातवार होती. ती मर्यादा ओलांडली शेजारच्या कुंभोजात १८८७ मध्ये जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी. स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, त्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली आणि त्याला नाव दिलं शाहू महाराजांचं. आजच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला यातून घेण्यासारखं बरंच आहे. वर्गात घोळके होतात ते एका गावाचे, एका शाळेचे आणि, उघड कुणी बोलत नसलं तरी, पुष्कळदा एका जातीचे. गाडीत जे शेजारी, तेच बाकावर, तेच कँटीनला. मग कॉलेज म्हणजे गावचा पारच झाला, फक्त चार कोस पुढे सरकलेला. वेगळ्या गावच्या, वेगळ्या घरच्या दोघा-तिघांशी मैत्री करायची असेल तर तीही त्या थांबलेल्या तासातच होते.

शिरोळकरांना प्रश्न विचारायचं वावडं आहे असंही नाही. हा तालुका साखर कारखान्यांकडे एफआरपीचा, म्हणजे उसाच्या किमान दराचा, हिशेब मागतो. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दराची मागणी जाहीर होते आणि मग कांडं तोडायचं की नाही ते ठरतं. उतारा किती, तोडणी-वाहतूक किती कापली, हे घराघरात तोंडपाठ असतं. त्याच घरातला मुलगा अंतर्गत परीक्षेत गुण का कापले हे सरांना विचारायला कचरतो. ‘सर काय म्हणतील’, ‘आपलं इंग्रजी कच्चं’, ‘पोरं हसतील’. बापाला काट्यावर वजन तपासून बघायचा हक्क आहे, तर मुलालाही उत्तरपत्रिका बघून घ्यायचा आहे. तास संपल्यावर सरांच्या टेबलाशी जाऊन ‘सर, हे समजलं नाही, मराठीत एकदा सांगा’ म्हणण्यात कमीपणा कसला? चांगला शिक्षक अशा मुलाचं नाव वर्षभर विसरत नाही. ज्याचं नाव एका तरी शिक्षकाला माहीत आहे तो मुलगा सहसा वाया जात नाही.

इथे पावसाळ्याचाही विचार करावा लागतो. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा असं चार नद्यांचं पाणी या तालुक्यात येतं. २००५, २०१९ आणि २०२१ चा महापूर इथे कुणाला सांगावा लागत नाही. जुलै-ऑगस्टात, नेमकं पहिल्या वर्षाचे वर्ग नुकते बसत असताना, रस्ते पाण्याखाली जातात आणि गाड्या बंद होतात. पलीकडे वर्ग चालूच असतो. ज्याने पहिल्या पंधरा दिवसांत पाण्यापलीकडच्या दोघांशी ओळख केली त्याच्या मोबाईलवर वहीच्या पानांचे फोटो येतात. ज्याने केली नाही तो पाणी ओसरल्यावर वर्गात जातो तेव्हा दुसरं प्रकरण सुरू झालेलं असतं.

आता आक्षेप. थांबा म्हणणं सोपं आहे, थांबणं सगळ्यांना परवडत नाही. कुणाला संध्याकाळी धारा काढायला घरी हवं, कुणी दुपारनंतर दुकानात कामाला जातो. मुलीला एक गाडी उशीर झाला की घरात चौकशी सुरू होते, आणि दोनदा झाला तर कॉलेजच बंद करायची भाषा. हे आक्षेप खरे आहेत. म्हणूनच हा सल्ला एकट्या विद्यार्थ्याला देऊन भागत नाही. पालकांनी पोरीचा ग्रंथालयातला तास हा कॉलेजच्या वेळापत्रकाचाच भाग धरावा. २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी राज्य शासनाने पूर्ण माफ केली. त्या मुलींच्या फीचं ओझं उतरलं. थांबायची परवानगी मात्र घरानेच द्यायची आहे. कॉलेजांनीही आपल्याकडे बघावं. मार्गदर्शक शिक्षकांच्या याद्या ‘नॅक’ मूल्यांकनाच्या फायलीत व्यवस्थित लावलेल्या असतात, त्या यादीतल्या किती मुलांशी त्या शिक्षकाचं वर्षात एकदा तरी बोलणं होतं? ज्यांना खरंच थांबता येत नाही त्यांनी दोन तासांच्या मधला रिकामा वेळ तरी मोबाईलवर घालवू नये, कॉलेजनेही तो घालवू देऊ नये. आणि त्रास मनाचा असेल, झोप उडाली असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे; रॅगिंग झालं तर १८००-१८०-५५२२. तिथेही आधी विचारावंच लागतं.

शाहू महाराजांसारखं बोर्डिंग आज गावोगावच्या मुलांसाठी कुणी काढून देणार नाही. ते पहिल्या वर्षाच्या मुलामुलींनी स्वतःपुरतं उभं करायचं आहे : नाव ओळखणारा एक शिक्षक, वेगळ्या गावचे दोन मित्र, ग्रंथालयातली एक खुर्ची आणि रोजचा एक तास. ऑगस्टच्या आत एवढं जमवा. गाडीचा पास महिन्याचा आहे. तो पुढच्या गाडीलाही चालतो.