स्पर्धेला मूल हवे की दाखला?

धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या आईबापाने मुलाला आठवीपर्यंत घरीच शिकवायचे ठरवले, तर त्या मुलाची सरकारी नोंद एकाच शब्दात होईल : शाळाबाह्य. उचल घेऊन ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातले मूल, वीटभट्टीवरचे मूल आणि घरी शब्दकोश उघडून बसलेले मूल, तिघांनाही सर्वेक्षणाच्या तक्त्यात रकाना एकच. शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलाला जवळच्या शाळेत घालणे हे त्याच्या दहाव्या कलमाने पालकाचे कर्तव्य ठरवले. न घातल्यास शिक्षा मात्र सांगितली नाही. त्यामुळे घरशिक्षण ना धड मान्य, ना धड गुन्हा. अशा अधांतरी जागेतल्या मुलाला इंग्रजी स्पेलिंगच्या स्पर्धेत उतरायचे असेल तर काय होते, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. पण मुलाला काय येते ते आपण आधी बघतो, की त्याला कोणी पाठवले ते, याचा निकाल तिथेच लागतो.

अमेरिकेत अशी राष्ट्रीय स्पर्धा १९२५ पासून चालते. पहिल्या वर्षी अंतिम फेरीत अवघी नऊ मुले होती. १९८५ साली बालू नटराजन हा भारतीय वंशाचा पहिला विजेता ठरला आणि १९९९नंतर भारतीय आडनावांची रीघ लागली. २०१९ मध्ये आयोजकांजवळचे पुरेसे कठीण शब्द संपत आले, तेव्हा आठ जणांना एकत्र विजेते जाहीर करावे लागले. त्यांत सोहम सुखटणकर हे आपल्या ओळखीचे आडनावही होते. या यशाची चर्चा आपल्याकडे भरपूर होते. त्याच स्पर्धेची दुसरी बाजू मात्र फारशी कोणी सांगत नाही. १९९७ मध्ये रिबेका सीलफन ही घरी शिकणारी मुलगी जिंकली. पुढे २००० मध्ये जॉर्ज थँपी, २००७ मध्ये इव्हान ओडॉर्नी आणि २०२१ मध्ये झायला अवांगार्ड, हेही घरीच शिकणारे. झायलाला शेवटी आलेला शब्द होता ‘मुराया’. आपल्या कढीपत्त्याच्या शास्त्रीय नावाचा तो पहिला भाग.

ही मुले जिंकली, कारण मुळात त्यांना व्यासपीठावर येऊ दिले गेले. घरी शिकणाऱ्यांनी कोणत्या वाटेने यायचे, याची सोय त्या स्पर्धेच्या नियमांत आहे. तिथल्या भारतीय कुटुंबांनी १९८९ साली सुरू केलेले नॉर्थ साउथ फाउंडेशनही मुलांसाठी स्पेलिंगच्या स्पर्धा भरवते आणि त्यांत पालक स्वतः मुलाचे नाव नोंदवतात. भारतातल्या गरीब विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणे, हे या संस्थेचे मूळ काम. आपल्याकडे बहुतेक स्पर्धांची नोंदणी शाळेमार्फत होते. शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्जही शाळाच भरते. ‘शाळेचे नाव’ हा रकाना भरता आला नाही, की मुलाची तयारी कितीही असो, गाडी तिथेच अडते.

या तयारीचेही नीट बघायला हवे, कारण घरशिक्षणाचे गुण आणि दोष दोन्ही तिच्यात उघडे पडतात. महाराष्ट्रात जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आले आणि ‘सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ ही घोकणी वाड्यावस्त्यांवर पोचली. तिच्या जोरावर दोनचारशे शब्द पाठ होतात. मोठ्या स्पर्धेचा शब्दकोश मात्र साडेचार लाखांहून अधिक नोंदींचा असतो. तिथे घोकंपट्टी पुरत नाही. शब्दाची चाल ओळखावी लागते. शब्द ग्रीकमधून आलेला असेल तर ‘फ’साठी पी-एच असण्याची शक्यता मोठी. फ्रेंच असेल तर ‘श’साठी सी-एच. म्हणून स्पर्धकाला विचारण्याचा हक्क असतो : अर्थ काय, शब्द कोणत्या भाषेतला, नाम की क्रियापद, वाक्यात कसा येतो, दुसरा उच्चार आहे का. परीक्षकाला उलट प्रश्न विचारायची मुभा देणारी परीक्षा आपल्या मुलांना सहसा भेटत नाही.

इथे घराचे पारडे जड असते. तासाची घंटा नसल्याने एका धातूवर अख्खी दुपार घालवता येते. धाराशिवच्या मुलाला तर त्यासाठी लांब जायलाही नको. जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचे नाव आहे, आणि रोमन जगाशी चाललेल्या त्याच्या व्यापाराच्या खुणा गावातल्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात बघायला मिळतात. ग्रीक ही कुठल्यातरी यादीतली भाषा न राहता आपल्या गावाशी व्यवहार केलेल्या माणसांची भाषा आहे, हे कळलेले मूल ग्रीक धातू वेगळ्या गोडीने शिकेल. शिवाय हा जिल्हा बहुभाषी कानाचा. उमरग्याकडे कन्नड कानावर पडते, तांड्यावर गोरमाटी, शहरात दखनी. १९४८ पर्यंत निजामी राजवट असल्याने इथल्या जुन्या पिढीतल्या अनेकांचे शिक्षण उर्दूतून झाले. हा शब्द कुठून आला, असे विचारणे इथल्या घरांना अवघड जाऊ नये.

पण ज्या घरात शिकवणारी, प्रश्न काढणारी आणि गुण देणारी व्यक्ती एकच असते, तिथे मुलाच्या कानाला एकाच उच्चाराची सवय होते. आई जसा म्हणते तसा शब्द त्याला येतो. परक्या माणसाने म्हटला की गडबड होते. चारचौघांत चुकण्याचा अनुभव नसतो, आपल्यापेक्षा हुशार मूल समोर बसलेले नसते. शाळेतल्या मुलाला या गोष्टी न मागता मिळतात. म्हणून स्पर्धेची गरज शाळेतल्या मुलापेक्षा घरी शिकणाऱ्याला जास्त आहे, आणि बक्षीस हे त्या गरजेतले सर्वांत गौण अंग. मात्र बक्षिसासाठी आईबाप रोज याद्या घेऊन बसू लागले, तर ज्या शाळेला कंटाळून मुलाला बाहेर काढले तिचीच एका विद्यार्थ्याची शाखा घरात सुरू होते. तीही अशी, जिथून सुटका नाही. मूल स्वतः प्रश्न विचारते का, हीच इथे कसोटी.

घरी शिकलेल्याची बाहेर परीक्षा व्हावी, हे आपल्याला नवे नाही. पंडिता रमाबाई कुठल्या शाळेत गेल्या नव्हत्या. संस्कृत त्या आईकडून, लक्ष्मीबाईंकडून शिकल्या, आणि तेही तीर्थयात्रेच्या वाटेवर. १८७८ साली कलकत्त्यातल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. दाखला नसताना ती सभा भरली, म्हणून रमाबाई देशाला माहीत झाल्या. अलीकडचे उदाहरण मुंबईच्या मालविका जोशीचे. आईने तिला सातवीत शाळेतून काढून घरी शिकवले. संगणक प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदके मिळवली आणि २०१६ मध्ये ती अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. आयआयटीचे दार तिला बंद होते, कारण बारावीचे प्रमाणपत्र नव्हते. देशाच्या वतीने पदक आणायला जी पात्र होती, ती आयआयटीच्या प्रवेशाला अपात्र ठरली.

घरशिक्षणाला वाट देण्यावरचा आक्षेप गंभीर आहे आणि धाराशिवसारख्या जिल्ह्यात तो अधिकच खरा. दसरा-दिवाळीनंतर कळंब, वाशी, भूम, परांडा या तालुक्यांतून कोयते कारखान्यांकडे निघतात. मुले सोबत जातात. त्यांना रोखायला हंगामी वसतिगृहे काढावी लागली, साखरशाळा चालवाव्या लागल्या. मुलींची लग्ने लवकर होण्याची भीती वेगळीच. अशा ठिकाणी ‘घरी शिकतो’ हे वाक्य कामाला जुंपलेल्या मुलावर पांघरूण घालायला वापरले जाईल, असे शिक्षक म्हणतील, आणि ते चूक म्हणणार नाहीत. म्हणून शाळेची सक्ती सैल करा, अशी मागणी मी करत नाही. दोन शिकलेल्या पालकांच्या सोयीसाठी दोनशे मुलांचे कवच काढून घेणे अन्याय ठरेल.

मागणी त्याहून लहान आहे. परीक्षेची आणि स्पर्धेची नोंदणी वयावर व्हावी. याचा पायंडा राज्यात आहेच. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसण्याची सोय महाराष्ट्राला जुनी आहे. मुक्त विद्यालय मंडळ पाचवी आणि आठवीच्याही परीक्षा घेते. हेच तत्त्व तालुक्याच्या स्पेलिंग स्पर्धेला लावायला काय हरकत आहे? जन्माचा दाखला पुरावा म्हणून घ्यावा, तालुक्याच्या गावची जिल्हा परिषद शाळा केंद्र म्हणून द्यावी, शाळेच्या नावाचा रकाना ऐच्छिक ठेवावा. उसाच्या फडातून मार्चमध्ये परतलेल्या मुलीलाही मग त्याच दारातून येता येईल. तिचे नाव त्या वर्षी कोणत्या हजेरीपटावर होते, हे कोणी विचारणार नाही.

आक्षेप घेणाऱ्यांची काळजीही याने हलकीच होईल. घरी खरोखर शिकणारे मूल आणि घरी शिकतो म्हणून कामाला लावलेले मूल यांतला फरक आज कोणालाच सांगता येत नाही, कारण दोघांना कोणी काही विचारतच नाही. वर्षातून एकदा अनोळखी माणसासमोर उभे राहण्याची संधी दिली, तर पहिल्याचे कौतुक होईल आणि दुसऱ्याची गैरहजेरी लक्षात येईल. मुलांना दाराबाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थेला हे दोन्ही कधी कळणार नाही.