आधी कुणी जायचं?

सप्ताहात गीतेचा दुसरा अध्याय लागला की लोकांना पुढची घाई असते. आत्मा अमर आहे ते सांगा महाराज, म्हणतात. मी मात्र अलीकडे अर्जुन रथात बसतो तिथंच जास्त रेंगाळतो. अंगाला कापरं भरलंय, तोंडाला कोरड पडलीय, हातातलं गांडीव गळालंय, उभं राहवत नाही, डोकं भ्रमलंय. आपल्या घरात हे कुणाला झालेलं ज्यानं पाहिलंय, त्याला वेगळं निरूपण लागत नाही. आमच्या लोहारा तालुक्यात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही.

कृष्ण आधी काय करतो? दरडावतो. हे तुला शोभत नाही, ऊठ. त्यानं काहीच होत नाही. अर्जुन आपलं गाऱ्हाणं पुन्हा सांगतो, लढणार नाही म्हणतो आणि गप्प होतो. साक्षात भगवंताच्या दरडावण्यानं जे साधलं नाही, ते आपल्या ‘बायकांसारखा रडतोस काय’नं साधेल? ज्ञानेश्वरांनी तर इथं कृष्णाला अवघड दुखणं पाहून औषधाचा विचार करणाऱ्या वैद्याच्या जागी बसवलंय. हा आता कशानं सावरेल, असा विचार तो आधी करतो आणि मग बोलतो. आणखी एक गोष्ट मला फार मोठी वाटते. अठरा अक्षौहिणी सैन्यात अर्जुनाच्या उपयोगी पडला तो हाती शस्त्र न धरण्याचा शब्द दिलेला माणूस. तो सारथी होता, सखा होता आणि जवळ बसलेला होता.

आता गावात काय होतं ते सांगतो. मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडं एका तरुणानं रात्री आतून कडी लावून घेतली. सोयाबीनचं कर्ज, मोडलेलं लग्न, महिनाभर झोप नाही. कुणीतरी ११२ लावला. गाडी आली, दिवे फिरले, निम्मं गाव मोबाईल उंच धरून अंगणात. दारावर काठी वाजली तसा आतला आवाज बंद झाला. आमच्या आशाताईंनी गर्दी हटवायला सांगितली, उंबऱ्यापाशी बसल्या आणि म्हणाल्या, “जेवलास का रं? मीबी जेवले नाही अजून.” आतून कितीतरी वेळ उत्तर नव्हतं. त्या बसून राहिल्या. अधूनमधून त्याच्या म्हशीचं विचारायच्या, बहिणीचं विचारायच्या. पहाटे कडी निघाली. पोलीस वाईट नव्हते. त्यांना जे शिकवलं तेच त्यांनी केलं. पण त्याला दम नको होता, ओळखीचं माणूस हवं होतं.

कायदाही आता याच बाजूला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की जीव द्यायला निघालेला माणूस तीव्र तणावाखाली आहे असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, त्याची काळजी घेणं सरकारचं काम. भ्रमिष्ट अवस्थेत फिरणारा कुणी पोलिसांनी ताब्यात घेतला तर त्याला कोठडीत ठेवायचं नाही, २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं. शेतकऱ्यांसाठी २०१५ पासून प्रेरणा प्रकल्प आहे, त्यात विचारपूस करत घरोघर फिरणाऱ्या आशाताईच. २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा फुकटचा क्रमांक आहे, रात्री-अपरात्रीही मराठीत बोलतात. पण फोनवरचं माणूस उंबऱ्यापाशी बसू शकत नाही. राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरीला. आमच्या मराठवाड्यात त्यांतलं एकही नाही.

हातात कोयता असेल तर काय, असं लोक विचारतात. तेव्हा पोलीस हवेतच, पण मागं, दिवे बंद करून. आणि देवर्षी? अंगारा लावायचा तर लावा, माझी हरकत नाही. पण माणसाला बांधू नका, मारू नका, डॉक्टरचं औषध तोडू नका. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्यापाशी ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेली माणसं पळू शकली नाहीत. २८ जण गेले. देवाच्या दारात गेले, हे मला कीर्तनकार म्हणून सोसत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात आमच्याकडचं सास्तूर पडलं तेव्हा लष्कर पोचायच्या आधी शेजाऱ्यांनी हातांनी माती उकरली. कुणाचं काम आहे हे कुणी विचारलं नाही. मन ढासळतं तेव्हाच आपण का विचारतो?

माझं मत स्पष्ट आहे. आधी जावं ते ओळखीच्या, निःशस्त्र, शिकवून तयार केलेल्या माणसानं: आशाताई, परिचारिका आणि त्या घराचा विश्वासू कुणीतरी. मात्र हे काम आशाताईंवर फुकट लादू नये. रात्री जायला गाडी, सोबत आणि मोबदला द्यावा. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा, आणि शाळेच्या भिंतीवर रुग्णवाहिकेचा १०८ लिहिलंय त्याच्या खाली १४४१६ रंगवून घ्या.