श्रद्धेचे केंद्र आणि लोकसंख्येचे केंद्र

जगात आज सुमारे दोनशे कोटी मुस्लिम आहेत, म्हणजे दर चार माणसांत एक. ही माणसे प्रामुख्याने अरबस्तानात आणि त्याच्या आसपास राहतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तुर्कस्तान आणि इराण वगळून पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिका एकत्र धरले, तरी जगातील जेमतेम पाचवा हिस्सा मुस्लिम तेथे भरतात. जवळपास साठ टक्के मुस्लिम तुर्कस्तानपासून इंडोनेशियापर्यंत पसरलेल्या उर्वरित आशियात राहतात, तर सुमारे अठरा टक्के सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत. सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्येचे चार देश म्हणजे इंडोनेशिया, पाकिस्तान, भारत आणि बांगलादेश. या चौघांत एकही अरब देश नाही. पाचवा क्रमांक नायजेरियाचा.

प्रमाण लक्षात येण्यासाठी एकच तुलना पुरेशी आहे. 2011च्या जनगणनेनुसार एकट्या उत्तर प्रदेशात 3 कोटी 84 लाख मुस्लिम होते. सौदी अरेबियाची 2022 मधील एकूण लोकसंख्या, परदेशी कामगारांसह, सव्वातीन कोटींच्या आत होती.

हा गैरसमज टिकून राहण्याची कारणे समजण्याजोगी आहेत. कुराणाची भाषा अरबी आहे, नमाजाची दिशा मक्केकडे आहे आणि हजयात्रा तेथेच होते; त्यामुळे धर्माचे केंद्र तेच अनुयायांचेही केंद्र असणार, असे गृहीत धरले जाते. 1973च्या तेलसंकटानंतर आखाती देश जागतिक राजकारणाच्या मध्यभागी आले आणि बातम्यांतला मुस्लिम चेहरा बहुधा तेथलाच राहिला. नकाशेही फसवतात. लोकसंख्येतील टक्केवारीनुसार रंगवलेल्या नकाशात लिबिया आणि सौदी अरेबिया गडद दिसतात, कारण तेथील जवळजवळ सगळे लोक मुस्लिम आहेत. पण त्या रंगाखालची बहुतेक जमीन निर्मनुष्य वाळवंट आहे. चौदा टक्के मुस्लिमांचा भारत त्याच नकाशात फिका पडतो, आणि त्या फिक्या रंगाखाली वीस कोटींच्या आसपास माणसे झाकली जातात. जगातील दर पाच मुस्लिमांपैकी किमान एक जण जेथे मुस्लिम अल्पसंख्य आहेत अशा देशात राहतो, ही बाबही अशा नकाशातून कळत नाही.

अरब आणि मुस्लिम हे शब्द एकमेकांऐवजी वापरण्याची सवय याच समजातून येते. इराणमधील बहुसंख्य फारसी बोलतात, तुर्कस्तानातील तुर्की. दोन्ही समाज अरब नाहीत. उलट इजिप्तमधील कॉप्टिक आणि लेबनॉनमधील मॅरोनाइट ख्रिस्ती अरबी बोलतात. लेबनॉनचा राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट असावा, हा संकेत 1943पासून पाळला जातो.

इस्लाम जेथे पोहोचला तेथे तो केवळ राजसत्तेच्या बळावर रुजला, असे मानले तर मुस्लिम वस्तीचा आजचा नकाशा उलगडत नाही. बंगालचे उदाहरण यासाठी महत्त्वाचे आहे. 1872 मध्ये तेथे पहिली जनगणना होईपर्यंत इंग्रज अधिकाऱ्यांची समजूत अशी होती, की बंगालचे मुसलमान गौड, ढाका, मुर्शिदाबाद अशा जुन्या राजधान्यांभोवती असतील. मोजणीत वेगळेच निघाले. त्यांची सर्वाधिक दाटी होती ती नोआखाली, चितगाव, पाबना अशा पूर्वेकडील जिल्ह्यांतील खेड्यांत, आणि ते होते शेतकरी. दिल्लीच्या तख्तापासून सर्वांत दूरच्या प्रदेशात मुस्लिम सर्वाधिक होते, तर खुद्द दिल्लीच्या परिसरात अल्पसंख्य. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी याची सांगड मोगलकाळात त्रिभुज प्रदेशातील जंगल तोडून झालेल्या भातशेतीच्या विस्ताराशी घातली आहे: जमीन लागवडीखाली आणणाऱ्या पुढाऱ्यांनी मशिदी उभारल्या आणि त्यांच्याभोवती नवी गावे वसली.

दुसरा मार्ग समुद्राचा होता. कोकणी मुस्लिम, केरळचे मापिल्ला आणि इंडोनेशिया-मलेशियातील मुस्लिम यांच्यात शाफी पंथ प्रमुख आहे, तर उत्तर भारतात हनफी. हा फरक अरबी समुद्र आणि हिंदी महासागरातील व्यापाराची खूण आहे. कोकणातील मुस्लिम वस्ती हा त्याच किनारी जगाचा भाग होय.

आकडे मान्य केल्यावर आणखी एक समज पुढे येतो: अरबस्तानाबाहेरचा इस्लाम पातळ, अर्धामुर्धा असतो. जावा बेटावरील कुडुस शहरात सोळाव्या शतकातील मशिदीचा मनोरा लाल विटांचा आहे आणि त्याची घडण जावातील हिंदू मंदिरांसारखी आहे. तेथे गाय न कापण्याची प्रथा आजही पाळली जाते. हिंदू शेजाऱ्यांच्या भावना दुखावू नयेत म्हणून सुनान कुडुस या धर्मप्रसारकाने ती घालून दिली, असे मानतात. गावातले प्रसिद्ध सोतो हे रस्सेदार कालवणही म्हशीच्या मांसाचे असते. पण स्थानिक रूप म्हणजे श्रद्धेची कमतरता, असा अर्थ यातून निघत नाही. याच देशात 1912 मध्ये मुहम्मदिया आणि 1926 मध्ये नहदलातुल उलेमा या संघटना स्थापन झाल्या. आज त्यांचे अनुयायी कोट्यवधींच्या घरात असून त्या शाळा, मदरसे, विद्यापीठे आणि रुग्णालये चालवतात. हजसाठी देशांना जागा साधारणतः दर दहा लाख मुस्लिमांमागे एक हजार या हिशेबाने मिळतात. सर्वांत मोठा कोटा इंडोनेशियाचा आहे आणि तेथील इच्छुकांना वर्षानुवर्षे रांगेत थांबावे लागते.

युरोपातील मुस्लिम म्हणजे अलीकडचे स्थलांतरित, हेही अर्धसत्य आहे. पश्चिम युरोपाला ते बऱ्याच अंशी लागू पडते. पण व्होल्गाकाठच्या बल्गारांनी दहाव्या शतकातच इस्लाम स्वीकारला होता. रशियातील तातार स्वतःला त्यांचे वारस मानतात, आणि 1788 मध्ये सम्राज्ञी कॅथरीनने मुस्लिमांच्या धार्मिक कारभारासाठी अधिकृत संस्था स्थापण्याचा हुकूम काढला होता. बोस्निया आणि अल्बानियातील मुस्लिम उस्मानी काळात धर्मांतरित झालेल्या स्थानिकांचे वंशज आहेत. चीनमधील हुई मुस्लिम एक कोटीच्या वर असून त्यांची भाषा चिनीच आहे.

या गैरसमजाची किंमत निष्कर्षांत मोजावी लागते. तेलाच्या पैशावर चालणाऱ्या राजेशाह्या पाहून मुस्लिम समाजांतील लोकशाही, स्त्रियांचे स्थान किंवा शिक्षण यांविषयी मते बनवली जातात. इंडोनेशियातील निवडणुका, बांगलादेशातील कापड कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रिया, भारतातील अल्पसंख्य म्हणून जगण्याचा अनुभव हिशेबात धरला जात नाही. लोकसंख्येचा कलही दक्षिणेकडे सरकतो आहे. प्यू संशोधन केंद्राच्या 2017च्या अंदाजानुसार, 2015 मध्ये जगातील सोळा टक्के मुस्लिम सहाराच्या दक्षिणेस राहत होते आणि 2060पर्यंत हा वाटा सत्तावीस टक्के होईल. मक्केचे धार्मिक स्थान यामुळे बदलणार नाही. मात्र मुस्लिम जगाच्या प्रश्नांची उत्तरे शोधणाऱ्याला रियाधइतकेच कानो, ढाका, लाहोर आणि सुराबाया यांच्याकडेही पाहावे लागेल.