पळस कोणत्या महिन्यातला?

वाराणसीच्या ब्रह्मदत्त राजाला चार मुलगे होते. आम्हाला किंशुक वृक्ष दाखव, अशी त्यांनी सारथ्याला गळ घातली. सारथ्याने चौघांना एकदम नेलं नाही. थोरल्याला नेलं तेव्हा झाडाने नुकत्या कळ्या धरल्या होत्या. दुसऱ्याला त्याने पालवीच्या दिवसांत नेलं, तिसऱ्याला ऐन फुलोऱ्यात आणि चौथ्याला शेंगा लोंबत असताना. पुढे एकदा चौघे भाऊ एकत्र बसले आणि किंशुक दिसतो कसा यावरून त्यांच्यात वाद पेटला. थोरला म्हणाला, जळक्या खांबासारखा. दुसरा म्हणाला, वडासारखा. तिसऱ्याला तो मांसाच्या तुकड्यासारखा दिसला होता, चौथ्याला शिरीषासारखा. भांडण राजापर्यंत गेलं. राजाने कोणालाच खोटं पाडलं नाही. झाड तुम्ही सगळ्यांनीच पाहिलंत, तो म्हणाला. ते कोणत्या वेळी कसं असतं, एवढं सारथ्याला विचारायचं राहून गेलं.

जातककथांमधली ही 248वी कथा. संयुत्त निकायातही किंशुकाची हीच उपमा आहे. आणि किंशुक म्हणजे आपला पळस.

रामटेकच्या, काटोलच्या, उमरेडच्या कुठल्याही रस्त्याने निघा, शेताच्या धुऱ्यावर पळस उभा आहेच. मनसरच्या अलीकडे अशाच एका धुऱ्यावरच्या पळसाचे फोटो मी बरीच वर्षं काढते आहे. नोकरी सांभाळून, रविवारी पहाटे निघून, बहुतेक वेळा एकटीच. त्या झाडापाशी मला चारही राजपुत्र भेटले आहेत.

थोरला भेटतो पौष-माघात. पानं झडलेली असतात आणि उघड्या फांद्यांवर काळपट कळ्यांचे घोस धरलेले असतात. दुरून पाहणाऱ्याला झाड वणव्यातून निघाल्यासारखंच वाटतं. जळक्या खांबाची उपमा देणाऱ्याने हे झाड डोळ्यांनी पाहिलं होतं, याबद्दल मला शंका उरलेली नाही. पण मॅक्रो लेन्स लावून जवळ गेलं की कळतं, हा काळेपणा मखमलीचा आहे. कळीच्या बाहेरच्या वाटीवर इतकी दाट, बारीक लव असते की बोटाला ती मऊ लागते, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात त्या लवेच्या टोकांना सोनेरी कड येते. एखाद्या कळीची वाटी जराशी फाकलेली असते आणि त्या फटीतून केशरी रेघ दिसते. माझ्याकडचे सर्वांत जास्त फोटो या रेघेचे आहेत. लोकांना ते दाखवले की विचारतात, हे काय आहे?

फाल्गुनात सांगावं लागत नाही. रस्त्याकडेला गाड्या थांबतात, फुलांखाली उभं राहून फोटो निघतात, आणि घरी जाऊन मोबाईलवर त्या केशरी रंगाला आणखी भडक केलं जातं. मैना, बुलबुल, शिंजीर दिवसभर त्या बाकदार पाकळ्यांमध्ये चोची घालत असतात. या दिवसांतला पळस सुंदर असतो, हे मी कशाला नाकारू? माझी तक्रार एवढीच की त्या तीन-चार आठवड्यांनाच आपण पळस समजून बसतो. वैशाखात त्याच्या फांद्यांवर चपट्या शेंगा लोंबतात. शेंगेच्या अगदी टोकाशी एकच बी, बाकीची सगळी शेंग म्हणजे नुसता पंख. नवतपाच्या झळांत त्या कागदासारख्या वाजतात आणि वाऱ्यावर दूर जाऊन पडतात. तोवर नवी पालवी आलेली असते, तिच्या पत्रावळी होतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायला पळसाचीच पानं लागतात. भर श्रावणात ते झाड इतकं हिरवं आणि इतकं साधं असतं की त्याच्याकडे कोणी कॅमेरा वळवत नाही.

माझ्या आईला हे सगळं आवडतं, पण तिचा एक प्रश्न आहे आणि तो हलका नाही. ती रोज सकाळी वस्तीतल्या विहारात जाते. वंदनेत पुष्पपूजा असते. फूल वाहताना जी गाथा म्हणतात तिचा आशय असा, की हे फूल जसं कोमेजतं तसं माझं शरीरही नाशाकडे जातं. आमच्याकडे लहान मुलंसुद्धा ती पाठ म्हणतात. आई म्हणाली, ‘आम्ही फूल वाहतो ते कोमेजणार हे मनात धरून. तू तर त्याला कोमेजूच देत नाहीस. याला तृष्णा नाही तर काय म्हणायचं, बाई?’

हा प्रश्न मी टाळू शकत नाही, कारण त्यात खरं बरंच आहे. शटर दाबताना मनात पकडण्याची इच्छा असतेच. उजेड चांगला आहे, फूल ताजं आहे, हे जाऊ नये, माझ्याजवळ राहावं. धम्म ज्याला उपादान म्हणतो ते याहून वेगळं नसावं. एकाच सुंदर क्षणाचा फोटो घेऊन, तो भिंतीवर लावून, पळस म्हणजे हाच असं म्हणत बसलं तर मी तिसरा राजपुत्र झाले. त्याने पाहिलेलं खोटं नव्हतंच. ‘कधी’ हा प्रश्न त्याला सुचला नाही, एवढंच.

म्हणून मी फोटोखाली तारीख घालते, आणि एकाच झाडाचे, एकाच जागेवरून, वर्षभराचे फोटो शेजारी शेजारी ठेवते. तेव्हा फोटो फुलाला थांबवत नाही. माघातली कळी फाल्गुनातल्या फुलाची बाजू मांडते, फूल शेंगेची, शेंग पालवीची. त्या रांगेतलं खरं झाड कुठलं, असं बोट ठेवून दाखवता येत नाही. आईच्या गाथेला मी हात जोडते, पण तिच्यात कोमेजण्याचा अर्धा भाग आहे. उमलण्याचा अर्धा भाग मला या रांगेत दिसतो.

आणि दिसतं ते सगळं नसतं, हेही मला एका रानफुलानेच शिकवलं. पावसाळ्यात नाल्याकाठी, तरोट्याच्या गर्दीत केना उगवतो. निळं, नखाएवढं फूल, दोन पाकळ्या ठसठशीत, तिसरी जेमतेम. सकाळी उमलतं आणि दुपार व्हायच्या आत पाकळ्या विरघळून जातात. मी ते किती प्रेमाने टिपत होते! नंतर वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात वाचलं की केन्याला जमिनीखालीही फुलं येतात. ती कधी उमलत नाहीत, त्यांना ऊन लागत नाही, त्यांच्यावर माशी बसत नाही, तरी त्यांच्यात बी धरतं. ते फूल पाहायचं तर रोप उपटावं लागेल. मी उपटलेलं नाही. केन्याचा माझा प्रत्येक फोटो त्या न दिसणाऱ्या फुलांमुळे अपुरा आहे, आणि ते मला मान्य आहे.

आईला द्यायचं उत्तर मला सापडलं ते बाबासाहेबांकडे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ 1957 साली, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. त्यात अनित्यतेवर लिहिताना, मोहात गुंतू नका, हे ते सांगतातच. पण अनित्यतेतून येणाऱ्या शून्यतेची भीती बाळगणाऱ्यांना ते आणखी एक गोष्ट सांगतात: वस्तूंचा स्वभाव अनित्य आहे म्हणूनच दुसरं काही घडण्याची शक्यता राहते. सगळं आहे तसंच राहिलं असतं तर जीवसृष्टीची वाढ खुंटली असती आणि मानवजातीची प्रगती थांबली असती. हे लिहिणारा माणूस कोण आणि वाचणारे आम्ही कोण, हे ध्यानात घेतलं की त्या वाक्यांचं वजन कळतं. माझे आजोबा 14 ऑक्टोबर 1956 ला, बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली तेव्हा, दीक्षाभूमीच्या मैदानावर होते. माणूस ज्या पायरीवर जन्मला त्याच पायरीवर मरणार, ही नित्यतेची शिकवण त्यांच्या आधीच्या किती पिढ्यांनी सोसली होती. त्या दिवशी त्यांनी हात जोडले ते ‘बदलतं’ या सत्यापुढे. अनित्यता हा आमच्या घरात नुसता शोकाचा विषय कधीच नव्हता.

मी आईला म्हटलं, ‘फूल जाणार म्हणून तू वाहतेस. ते आलं कुठून, हे मी पाहते. दोन्ही एकाच धम्मातलं आहे.’ ती लगेच मान्य करणाऱ्यांतली नाही. तिने माझ्याकडून माघातल्या काळ्या कळ्यांचा एक प्रिंट मात्र मागून घेतला आणि विहारात येणाऱ्या मुलींना विचारते, ओळखा हे कशाचं झाड.

फाल्गुनात पळस पाहायला या असं मला अनेकांना सांगावंसं वाटतं, आणि कॅमेरा असलेल्यांना तर आधीच सांगते: माघाच्या सुरुवातीला एकदा येऊन जा, फांदीवर काहीच नाही असं वाटलं तरी जवळ जा. मग वैशाखात, उन्हाची पर्वा न करता, शेंगांसाठी या. आणि पोळ्याच्या सुमारास या, तेव्हा ते झाड धुऱ्यावरच्या बाकीच्या झाडांतून ओळखून काढावं लागेल.