जुनेपणाचं बटण

गाणी बनवणाऱ्या बहुतेकांच्या लॅपटॉपमध्ये आज एखादं तरी 'टेप सॅच्युरेशन'चं प्लगइन सापडतं. प्लगइन म्हणजे गाणं बनवायच्या सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर. हे प्लगइन आवाजाला असं रूप देतं की तो जुन्या चुंबकीय टेपवर रेकॉर्ड झाल्यासारखा वाटावा. अशा बऱ्याच प्लगइनांत चार बटणं हमखास असतात. पहिलं ठरवतं आवाज टेपवर किती जोरात ढकलायचा, दुसरं टेपचा वेग, तिसरं टेपची डगमग आणि चौथं मागची खरखर. चारही फिरवली की आज सकाळी रेकॉर्ड केलेला आवाज चाळीस वर्षं जुना वाटायला लागतो.

मी बीडमध्ये एका खोलीत हे काम करतो. भिंतींना गोधड्या, एक माइक, एक लॅपटॉप. अभंग, भीमगीतं, नेत्यांच्या वाढदिवसाची गाणी, रील्सचं संगीत, जे येईल ते. या बटणांना माझा हात रोज लागतो, त्यामुळे हा प्रश्नही माझ्या रोजच्या कामातला आहे: आजच्या आवाजाला जुना करणं म्हणजे खोटं बोलणं आहे का?

आधी टेप काय करते ते बघू. टेप म्हणजे प्लास्टिकची पट्टी आणि तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडच्या बारीक कणांचा थर. आवाजाची वीज होते, विजेचं चुंबकत्व होतं आणि ते या कणांत साठतं. पण कणांची साठवायची एक हद्द असते. शाळेत आपण 'संपृक्त द्रावण' शिकलो ना? पाण्यात साखर टाकत राहिलं की एका टप्प्यानंतर ती विरघळत नाही, तळाशी बसते. सॅच्युरेशन म्हणजे तीच संपृक्तता. आवाज त्या हद्दीला भिडला की त्याची टोकं एकदम कापली जात नाहीत, दबून गोल होतात. आणि त्या दबण्यातून काही वरचे सूर वाढतात. त्यातला ठळक सूर मूळ सुराच्या तिप्पट कंपनांचा असतो. तुमचा सा ३०० कंपनांचा असेल तर ९०० चा सूर मिसळतो, म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम. तानपुरा ऐकत वाढलेल्या कानाला हे गोड लागलं तर त्यात नवल नाही.

संगणकावर याची नक्कल करणं हे गणिताचं काम आहे. जतीन चौधुरी या तरुण अभियंत्यानं २०१९ मध्ये सोनीच्या टीसी-२६० या रीळवाल्या टेपरेकॉर्डरचा अभ्यास करून असं गणित मांडलं. त्यावर उभं राहिलेलं 'चाउ टेप मॉडेल' हे प्लगइन फुकट मिळतं. महागड्या प्लगइनांत वेव्ह्ज कंपनीचं 'जे-३७' आहे. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत १९६७ चा बीटल्सचा 'सार्जंट पेपर' ज्या जातीच्या मशिनवर रेकॉर्ड झाला, त्या मशिनची ही नक्कल. जे यंत्र आमच्या जिल्ह्यातल्या गायकाला कधी दिसलंही नसतं, त्याचा आवाज आता गोधड्या लावलेल्या खोलीतही मिळतो. याला मी खोटं म्हणणार नाही.

कुणी म्हणेल, टेप वापरली नाही आणि वापरल्याचा भास करतोस, हे खोटंच की! पण मग खरा आवाज कुठला? माइक स्वतःचा रंग चढवतो. गोधडी आवाजाचं वरचं टोक खाते. शेवटी तुम्ही ते गाणं फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर ऐकता, जिथं ढोलकीची धुम जवळजवळ ऐकूच येत नाही. आमच्याकडे हरिनाम सप्ताहात झाडाला बांधलेल्या कर्ण्यातून कीर्तन ऐकत पोरं मोठी होतात. तो ॲम्प्लिफायर कायम हद्दीबाहेर ताणलेला असतो, वर एको लावलेला असतो. आमच्या कानांनी संपृक्त आवाजच आधी ऐकला, स्वच्छ नंतर. माध्यमाचा रंग न लागलेला आवाज फक्त समोरासमोर ऐकू येतो, रेकॉर्डिंगमध्ये कधीच नाही.

म्हणून पहिल्या बटणाशी माझं भांडण नाही. आवाज भरीव व्हावा, वाद्यांत नीट बसावा यासाठी मी ते बिनदिक्कत फिरवतो. प्रश्न तिसऱ्या आणि चौथ्या बटणाचा आहे. डगमग आणि खरखर आवाजाला भरीव करत नाहीत. त्या आवाजावर तारीख टाकतात, आणि ती तारीख खरी नसते.

गेल्या मे महिन्यात पुण्यातल्या एका पोराचं काम आलं. तो लोकगीतांचं पेज चालवतो. त्याला जात्यावरच्या ओव्या हव्या होत्या, कुणा जाणत्या बाईच्या आवाजात. वडवणी तालुक्यातल्या एका वस्तीवर आमच्या ओळखीची मावशी आहे. साठीला टेकलेली, पण अजून ऊसतोडीला जाते. कारखान्याचा पट्टा पडून महिना झाला होता, ती घरी होती. तिच्या ओसरीवर बसून मी सहा ओव्या घेतल्या. जातं कोपऱ्यात होतं. आता ते लग्नात हळद दळायलाच निघतं, पण ओव्या तिला पाठ आहेत. दोन तर तिनं स्वतः फडावर रचलेल्या, टायरगाडीवरच्या आणि मुकादमाच्या उचलीवरच्या.

पोराला रेकॉर्डिंग आवडलं. म्हणाला, "दादा, फक्त जुनं वाटू द्या. खरखर टाका, थोडं डगमगू द्या. आणि नाव नको, नावानं फील जातो."

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. लोक तीन सेकंदांत पुढे सरकतात, खरखर ऐकली की थांबतात, असा त्याचा अनुभव. थांबले तर ओव्या ऐकतील, नाहीतर त्या कुणापर्यंत पोचणारच नाहीत. शिवाय यात कुणाचं नुकसान होतंय? चार हजार रुपये ठरले होते, त्यातले दोन हजार मावशीचे. माझं तत्त्व तिच्या पैशांवर जगवायचा मला अधिकार नव्हता. म्हणून दोन्ही तऱ्हा फोनवर घेऊन मी पुन्हा तिच्याकडं गेलो.

जुनी केलेली ओवी ऐकून ती म्हणाली, "हे काय खरखर करायलंय? फोन बिघडला का रं?"

मी म्हटलं, मुद्दाम केलंय, जुनं वाटावं म्हणून.

"कामून? म्या तर आत्ता म्हणले की."

मग तिनं दुसरी, साधी ओवी लावायला सांगितली आणि डोळे मिटून ऐकली. शेवटी म्हणाली, "पैसं येऊ दे, लेकरा. पण माझं नाव टाक म्हणावं. म्हणणारी कोण हाय ते कळू दे."

"म्या तर आत्ता म्हणले की" हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. ज्यांनी टेपचा काळ काढला, त्यांच्यासाठी खरखर हा दोष होता. लोक कापसाच्या बोळ्यानं हेड पुसायचे, पेन्सिल घालून रीळ घट्ट करायचे, ते आवाज नीट यावा म्हणूनच. रे डॉल्बी हा माणूस १९६३ ते ६५ या काळात युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात होता. इथून जाऊन १९६५ मध्ये त्यानं लंडनला कंपनी काढली आणि टेपची खरखर दाबणारी यंत्रणा बाजारात आणली. पुढं कॅसेटवर दिसणारं डॉल्बीचं नाव मुळात खरखर घालवणारं. एका पिढीनं जी घालवायला बुद्धी आणि पैसा खर्चला, ती पुढची पिढी बटण दाबून परत आणते. तेवढ्यात काही पाप नाही. माणूस फाटकी जीन्सही विकत घेतोच.

पण फाटकी जीन्स मी माझ्या अंगावर घालतो. माझ्या स्वतःच्या प्रेमगीतावर मी पोतंभर खरखर ओतली तर मी माझ्याच काळाशी खेळतोय. मावशीच्या आवाजावर ती ओतली की मी तिच्या काळाशी खेळतो. ऐकणाऱ्याला मी सांगतो की ही बाई होऊन गेली, तिचे कष्टही होऊन गेले. आणि होऊन गेलेल्या कष्टांवर हळवं होणं फार सोपं असतं. ते कष्ट कुणाकडं हिशोब मागत नाहीत. उचलीवरची ओवी खरखरीतून ऐकली की डोळ्यांत पाणी येतं. तीच ओवी स्वच्छ ऐकली तर विचारावंसं वाटतं, यंदा उचल किती? भाव काय मिळाला? मावशी दिवाळीनंतर पुन्हा फडावर जाणार आहे. तिच्या आजच्या घामाला मी कालचा केला, तर त्या प्रश्नांतून मी ऐकणाऱ्याची सुटका करतो. माझ्या मते या बटणातली खोट इथं आहे.

मग जुनं खरोखर जुनं कशानं ठरतं? याचं उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजारावर गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या. पुढं बर्नार्ड बेल यांच्या मदतीनं कितीतरी तासांचं ध्वनिमुद्रणही झालं. २०१७ पासून 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, हा संग्रह लोकांसमोर आणतंय. त्यात माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली घेतलेल्या ओव्या आहेत. तिथल्या बायकांनी जात्यावरच्या चालीत बाबासाहेब गायले आहेत. प्रत्येक ओवीसोबत गाणारीचं नाव आहे, गाव आहे. घर आणि शेत सोडून ज्यांचं नाव कुठं लागलं नसतं, अशा बायकांची ही नावं आहेत.

ते ऐकताना लक्षात येतं की त्या ओव्यांचं वय खरखरीवर अवलंबून नाही. उद्या कुणी ती फाइल पार स्वच्छ केली तरी त्या १९९६ च्याच राहतील, कारण कुणीतरी तारीख लिहून ठेवली आणि नाव विचारलं. प्लगइन उलटं करतं. ते न लिहिलेल्या तारखेच्या जागी खरखर देतं आणि न विचारलेल्या नावाच्या जागी 'लोकसंगीत' हा शब्द. पुण्याच्या पोराला नाव नको होतं आणि खरखर हवी होती, या दोन मागण्या वेगळ्या नव्हत्या. नाव लावलं की बाई आजची होते.

यावर एक खरा आक्षेप आहे. १९८० सालात घडणाऱ्या सिनेमात रेडिओवरचं गाणं असेल तर खरखर लागेलच. तिथंही खोटं म्हणायचं का? नाही. नाटकात पांढऱ्या मिशा लावलेला पोरगा म्हातारा नाही हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. तिकीट काढतानाच तो करार झालेला असतो. रीलवर असा करार नसतो. तिथं ऐकणाऱ्याला वाटतं हे सापडलेलं आहे, आणि बनवणाऱ्याला ठाऊक असतं हे बनवलेलं आहे. सोंगाचं कुणाला वावडं नाही, आपल्याकडं भारुडात सोंगं रात्रभर चालतात. मात्र सोंग आहे हे उघड असावं लागतं, आणि ज्याचं सोंग आपण आणतो त्याला ते मान्य असावं लागतं.

मी पोराला सांगितलं, ओव्या देतो, पण पडद्यावर नाव, गाव आणि महिना-साल टाकायचं. खरखर ठेवायची का ते तू ठरव. तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं करून पाठवलं. नाव होतं, गाव होतं, 'मे' आणि साल होतं, खरखर नव्हती. म्हणाला, "तारीख टाकल्यावर ती फेक वाटायला लागली, दादा. काढून टाकली." पैसे आले. त्या रीलला त्याच्या इतर रील्सपेक्षा कमी लोक थांबले, हेही त्यानंच कळवलं. थांबलेल्यांपैकी एकानं खाली विचारलं होतं, या मावशी कुठल्या टोळीत असतात?

मावशीचं नाव मी या लेखात घातलेलं नाही. तिनं ते तिच्या ओवीखाली घालायला सांगितलंय, माझ्या लेखात नाही.

पहिलं बटण मी अजूनही रोज फिरवतो. तिच्या ओव्यांवरही थोडं फिरवलंय, तेही तिला ऐकवून. तिला आवाज "भरल्यावानी" वाटला. खरखरीचं बटण मात्र दुसऱ्याच्या आवाजावर लावायच्या आधी मी फाइलचं नाव पूर्ण लिहितो: म्हणणाऱ्याचं नाव, गाव, दिवस, महिना, साल. ते लिहून झाल्यावर त्या बटणाकडं हात क्वचितच जातो.