आठ दिवसांचा कागद

पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबापासून जवळच, एका कारागिराचे दुकान होते. मिक्सर, इस्त्री, पंखे अशा वस्तू तो दुरुस्त करी. पुढे शहरात कॉफीची दुकाने वाढली. लोकांना तशीच दाट, फेसाळ एस्प्रेसो घरी हवीशी वाटू लागली. त्यांनी यंत्रे घेतली, आणि काही दिवसांनी ती यंत्रे कारागिराच्या दुकानात येऊ लागली. ती उघडता उघडता कारागीर त्यातले सगळे शिकला. दुरुस्त केलेली यंत्रे आणि कॉफीची इतर भांडी तो विकतही असे.

त्याच्या हाताखाली एक शिकाऊ मुलगा होता. एके दिवशी कारागिराने त्याच्यापुढे पाच यंत्रे मांडली.

“या सगळ्या बंद म्हणून आल्यात. प्रत्येकीत काय मोडलंय ते संध्याकाळपर्यंत सांग.”

मुलाने दिवसभर पेच फिरवले. संध्याकाळी तो म्हणाला, “उस्ताद, एकीचा पंप जळालाय. बाकी चारांत मोडलेलं काहीच नाही. दोघींच्या बॉयलरमध्ये पाण्याचा क्षार बसलाय. एकीच्या वाफेच्या नळीत दूध वाळलंय. चौथी तर नवीकोरी आहे, कुणी फारशी वापरलेलीच नाही.”

“बरोबर,” कारागीर म्हणाला.

“मग लोकांना त्या नकोशा का झाल्या?”

“ते मशीन उघडून दिसत नाही,” कारागीर म्हणाला आणि त्याने दुकानाची फळी ओढली.

दुसऱ्या दिवशी बाणेरहून एक गृहस्थ आला. त्याने नवे घर घेतले होते.

“काका, घरी एस्प्रेसो करायची आहे. सगळ्यात चांगलं मशीन कोणतं?”

कारागिराने विचारले, “घरी कॉफी किती जण पितात? दूध घालून की बिनदुधाची? करणार कोण?”

“ते होईल हो. पैशाचा प्रश्न नाही. तुम्ही फक्त चांगलं सांगा.”

कारागिराने त्याच्यापुढे एक कोरा कागद ठेवला. “आठ दिवस यावर लिहा. कोणी, किती वाजता, काय प्यायलं, आणि नंतर भांडी कोणी धुतली. मग या. मी सांगतो.”

गृहस्थाला हे विचित्र वाटले. कागद तिथेच ठेवून तो निघून गेला. एका मोठ्या दुकानात त्याने दोन खोकी पाहिली. एकावर 15 बार लिहिले होते, दुसऱ्यावर 20. त्याने 20 चे उचलले.

इकडे मुलगा हळहळला. “उस्ताद, आलेलं गिऱ्हाईक गेलं. आपल्याकडचं 15 बारचं मशीन तरी दाखवायचं होतं. का बाजारातलं 20 चंच चांगलं असतं?”

कारागीर म्हणाला, “बार हे दाबाचं माप. आपल्या कुकरची शिट्टी होते, तेव्हा आतला जादा दाब साधारण एक बार असतो. 1901 मध्ये मिलान शहरात बेझेरा नावाच्या माणसाने कॉफीच्या मशीनचं पेटंट घेतलं. ते वाफेवर चालायचं. दाब बेताचाच, आणि कॉफीला करपट चव यायची. मग त्याच शहरातल्या गाजियाने 1938 मध्ये वाफेशिवाय कॉफी काढायचं पेटंट घेतलं. महायुद्ध संपल्यावर त्याचं दांड्याचं मशीन आलं. दांडा ओढला की स्प्रिंग दाबली जायची आणि ती स्प्रिंग गरम पाणी कॉफीतून रेटायची. तेव्हा कुठे कपात वर सोनेरी फेस आला. एस्प्रेसोला नऊ बारच्या आसपास दाब लागतो. पंपात वीसची ताकद असली, तरी कॉफीला हवे असतात नऊच.”

“मग खोक्यावर वीस कशाला?”

“मोठा आकडा लवकर विकला जातो.”

थोड्या दिवसांनी सदाशिव पेठेतल्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. इटलीत लेकीकडे राहून आल्यापासून त्यांना तिथल्या कॉफीची आठवण येत होती. त्यांचाही प्रश्न तोच होता. कारागिराने त्यांच्याही पुढे कोरा कागद ठेवला. बाईंनी तो घडी करून पर्समध्ये टाकला आणि आठ दिवसांनी भरून आणला.

त्यावर लिहिले होते : सकाळी साडेसहा, मी, बिनदुधाची, एक कप. दुपारी चार, मी, बिनदुधाची, एक कप. यजमान दोन्ही वेळा चहा. गुरुवारी एक जुनी विद्यार्थिनी आली, तिला दूध घालून. भांडी मीच धुतली. आणि सगळ्यात खाली एक ओळ होती : सकाळी यजमान झोपलेले असतात, मिक्सरच्या आवाजाने जागे होतात.

“ही शेवटची ओळ लिहीपर्यंत माझ्याही ध्यानात आली नव्हती,” बाई म्हणाल्या.

कारागिराने पंपाच्या यंत्रांकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने कपाटातून हाताने दाबायचे एक लहान यंत्र काढले. त्याला पंप नव्हता, बॉयलर नव्हता, वायर नव्हती. गॅसवर तापवलेले पाणी वरून ओतायचे आणि दांडा खाली दाबायचा. नऊ बारचा दाब हातानेच द्यायचा.

“हाताला जोर पडेल. दाबून बघा.”

बाईंनी दाबून पाहिले. “जमेल. एवढी वर्षं फळे पुसलेत.”

“याच्याबरोबर हातचक्की घ्या. तिचा आवाज शेजारच्या खोलीत जायचा नाही.”

“दळायला घरचा मिक्सर आहे की. दुपारी दळून ठेवीन.”

कारागिराने थोड्या बिया मिक्सरमधून काढल्या, थोड्या चक्कीतून. दोन्ही पुडी कागदावर पसरल्या. मिक्सरच्या पुडीत कुठे पीठ होते, कुठे कण्या. चक्कीची पूड एकसारखी होती.

“पाणी सोपी वाट धरतं,” तो म्हणाला. “कण्यांमधून पळून जातं, पिठापाशी अडतं. एकाच कपात आंबटही येतं आणि कडूही. शिवाय दळून ठेवलेल्या पुडीचा वास उडून जातो. म्हणून पैसे आधी चक्कीवर घालायचे, मग मशीनवर.”

मग त्याने माप सांगितले. पूड 18 ग्रॅम. कपात उतरलेली कॉफी त्याच्या दुप्पट, 36 ग्रॅम. वेळ 25 ते 30 सेकंद. भसकन उतरली तर आणखी बारीक दळायचे, थेंब थेंब अडली तर थोडे जाड.

बाई घरी गेल्या. पहिली कॉफी आंबट झाली. त्यांनी दळण बारीक केले, बाकी काही बदलले नाही. पुढची कडू झाली. त्यांनी दळण किंचित जाड केले. असे करता करता एके सकाळी कपावर सोनेरी फेस आला. यजमान शांत झोपले होते.

तीन महिने गेले. बाणेरचा गृहस्थ भलेमोठे खोके घेऊन दुकानात आला.

“काका, एवढे पैसे घातले आणि मशीन वाईट निघालं. कॉफी पांचट होते आणि हल्ली तर पाणीच येत नाही. विकून टाका.”

मुलाने यंत्र उघडले. बॉयलर आतून पांढरा झाला होता. वाफेच्या नळीच्या तोंडाशी दूध वाळले होते.

“पाणी कुठलं घालता?” कारागिराने विचारले.

“सोसायटीचं. बोअरचं असतं, कमी पडलं की टँकर येतो.”

“आणि पूड?”

“पाकीट आहे. फोडून महिना झाला असेल.”

कारागिराने मुलाला पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवायला सांगितले. ते पाणी यंत्रातून फिरवले, पुन्हा पुन्हा साध्या पाण्याने धुतले. दुधाची नळी भिजवून सुईने मोकळी केली. मग पेठेतल्या नळाचे, खडकवासल्याहून येणारे पाणी टाकीत भरले. चिकमगळूरच्या ताज्या भाजलेल्या बिया दळल्या, 18 ग्रॅम पूड जोखून भरली आणि बटण दाबले.

गृहस्थाने घोट घेतला. कपाकडे पाहिले. दुसरा घोट घेतला.

“ही माझ्या मशीनची कॉफी?”

“तुमच्याच.”

“म्हणजे मशीन चांगलं आहे!”

“पहिल्यापासून चांगलंच आहे.”

“मग चुकलं काय?”

कारागिराने पुन्हा एक कोरा कागद पुढे केला. या वेळी गृहस्थाने तो घेतला.

आठ दिवसांनी तो आला. स्वतःच वाचू लागला.

“सोमवार, सकाळी सगळ्यांचा चहा. मी साडेसातच्या बसने हिंजवडीला, कॉफी ऑफिसात. मंगळवार, तेच. बुधवार, तेच. शनिवारपर्यंत तेच. रविवारी संध्याकाळी आठ पाहुणे. सगळ्यांना दूध घालून. माझं मशीन इथे तुमच्याकडे, म्हणून बहिणीने शेजारून तसंच एक मागून आणलं होतं. एकेक करून सगळे कप काढायला पाऊण तास गेला. शेवटचा कप झाला तेव्हा पहिला पाहुणा निघाला होता. मी सगळा वेळ ओट्यापाशी उभा. गप्पा बाहेर झाल्या.”

तो थांबला. कागदावर अजून एक ओळ होती.

“वाचा,” कारागीर म्हणाला.

“मशीन आणि कप आईने धुतले. रात्री सगळे निजल्यावर.” गृहस्थाने कागद खाली ठेवला. “काका, तिने हे कधी बोलून दाखवलं नाही. दर रविवारी तीच धूत असणार.”

कोणी काही बोलले नाही. मग कारागिराने विचारले, “घरी शेगडी कसली?”

“इंडक्शन.”

कारागिराने सहा कपांचे स्टीलचे मोका पॉट काढले. “अशी भांडी बहुतेक अॅल्युमिनियमची असतात, ती इंडक्शनवर तापत नाहीत. म्हणून स्टीलचं. इटलीत बियालेत्तीने हे 1933 मध्ये आणलं. खाली पाणी, मधल्या चाळणीत पूड, वर कॉफी. पाणी झडपेच्या खालीच ठेवायचं. पूड दाबायची नाही. आच मंद. खळखळ झाली की लगेच उतरवायचं.”

“आणि यात एस्प्रेसो होते?”

“नाही,” कारागीर स्पष्ट म्हणाला. “याचा दाब दीड-दोन बारचा. फेस येणार नाही. पण कॉफी दाट होते, दूध घातलं तरी चव टिकते. आठ माणसांना दोन खेपांत पुरते, आणि ती उकळेपर्यंत तुम्ही मंडळींत बसू शकता. पूड लागेल तेवढीच, डोळ्यांसमोर दळून घ्या. आणि धुवायला दोन मिनिटं.”

तो क्षणभर थांबला. “धुणार कोण?”

“मी,” गृहस्थ म्हणाला.

त्याचे मोठे यंत्र कोथरूडच्या एका घरी गेले. त्या घरातली चार माणसे रोज सकाळी कॉफी पीत. थोरली लेक कॉफीच्या दुकानात काम करून आलेली होती. ती रोज ताज्या बिया दळी, दूध तापवून झाले की नळी लगेच पुसून काढी, ठरल्या दिवशी लिंबूसत्त्वाचे पाणी फिरवी. वर्ष झाले, तरी ते यंत्र दुरुस्तीला आले नाही.

मुलगा कारागिराला म्हणाला, “उस्ताद, मशीन एकच. बाणेरला ते वाईट ठरलं, कोथरूडला चांगलं. त्या दिवशीच्या चार मशीनही अशाच असतील. त्या बिघडल्या नव्हत्या, त्या भलत्या घरी गेल्या होत्या.”

कारागिराने मान डोलावली आणि हातातली इस्त्री पुढे ओढली.

तेवढ्यात एक तरुण जोडपे दुकानात आले. “इथलं सगळ्यात चांगलं कॉफीचं मशीन कोणतं?”

मुलाने कारागिराकडे पाहिले नाही. त्याने एक कोरा कागद काढला आणि विचारले, “ताई, दादा, तुमच्या घरी सकाळी काय होतं, ते आधी सांगाल का?”

तात्पर्य : वस्तू पारखण्याआधी आपली गरज पारखावी, आणि त्या वस्तूचे कष्ट कोणाच्या वाट्याला येतील हेही पाहावे.